अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष: राज्यांच्या इलेक्टरांनी निवडायचा की देशभरच्या मतांच्या बेरजेने?

वाचस्पती

दर चार वर्षांनी हा वाद निघतो आणि 'छोट्या राज्यांचा आवाज' विरुद्ध 'एक व्यक्ती एक मत' या दोन घोषणांपाशी अडकून पडतो. यंत्रणा नेमकी कशी चालते, कुठे अडते आणि देशभरची मते एकत्र मोजायची ठरवली तर काय काय बदलावे लागेल, यावर इथे लिहू या. कोणता पक्ष चांगला, हा या धाग्याचा विषय नाही.

आधी पाया. मतदार राष्ट्राध्यक्षाला थेट निवडत नाहीत. प्रत्येक राज्यातून इलेक्टर, म्हणजे निर्वाचक, नेमले जातात आणि ते राष्ट्राध्यक्ष निवडतात. एकूण इलेक्टर 538. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, तिच्या प्रतिनिधीगृहाच्या जागा 435, सिनेटच्या 100, आणि 1961 च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टन डीसीला मिळालेले 3. बहुमताला 270 लागतात. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रतिनिधीगृहातील जागा अधिक दोन सिनेटर, इतके इलेक्टर. त्यामुळे कॅलिफोर्नियाला 54, टेक्ससला 40, फ्लोरिडाला 30, तर वायोमिंगला 3. हे आकडे 2020 च्या जनगणनेवरचे आहेत. 2028 ची निवडणूकही याच आकड्यांवर होईल, बदल 2032 साठी.

इलेक्टर कसे नेमायचे हे राज्यघटनेने राज्याच्या विधिमंडळावर सोडले आहे. दक्षिण कॅरोलिनात तर 1860 पर्यंत विधिमंडळच इलेक्टर निवडत असे, मतदारांना विचारलेच जात नव्हते. आज 48 राज्ये आणि डीसी आपले सगळे इलेक्टर राज्यात पहिल्या आलेल्या उमेदवाराला देतात. मेन (1972 पासून) आणि नेब्रास्का (1992 पासून) दोन इलेक्टर राज्यभरच्या विजेत्याला आणि उरलेले एकेका काँग्रेस मतदारसंघाच्या विजेत्याला देतात.

माझे म्हणणे आधीच मांडतो. खरा दोष इलेक्टर असण्यात कमी आणि 'जिंकेल त्याला सगळे' या नियमात जास्त आहे. हा नियम राज्यघटनेत कुठेही नाही. राज्यांनी तो आपापल्या कायद्याने केला आहे आणि कायद्यानेच बदलू शकतात. 1892 च्या निवडणुकीसाठी मिशिगनने मतदारसंघवार पद्धत आणली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'मॅकफर्सन विरुद्ध ब्लॅकर' खटल्यात न्यायालयाने हा अधिकार विधिमंडळाचाच असल्याचे स्पष्ट सांगितले.

अंकगणित

दोषाची जागा बरोबर दाखवलीत, पण छोट्या राज्यांना मिळणारा फायदा अगदीच बाजूला टाकता येत नाही. आकडे बघा.

2020 च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या 5,76,851, इलेक्टर 3. म्हणजे एका इलेक्टरमागे सुमारे 1 लाख 92 हजार माणसं. कॅलिफोर्नियात 3 कोटी 95 लाखांवर 54, म्हणजे एकामागे सुमारे 7 लाख 32 हजार. जवळजवळ पावणेचारपट फरक.

आता प्रत्येक राज्याचे सिनेटचे दोन इलेक्टर वजा करून जुने निकाल पुन्हा मांडा.

2016: ट्रंप 30 राज्यं आणि मेनचा एक मतदारसंघ जिंकून 306 वर होते. 60 वजा केले की 246. क्लिंटन 20 राज्यं आणि डीसी मिळून 232, त्यातून 42 गेले की 190. निकाल तोच राहतो. देशभरात क्लिंटनना सुमारे 28 लाख 68 हजार मतं जास्त होती, तरीही. इथे वाचस्पतींचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. पेनसिल्व्हेनियात 44,292, विस्कॉन्सिनमध्ये 22,748 आणि मिशिगनमध्ये 10,704 अशा आघाडीने तीन राज्यांचे 46 इलेक्टर एकगठ्ठा गेले.

2000: बुश 271, 30 राज्यं. 60 वजा केले की 211. गोर यांच्या वाट्याचे 267, 20 राज्यं आणि डीसी. 42 वजा केले की 225. इथे निकाल उलटतो. म्हणजे अटीतटीच्या निवडणुकीत सिनेटचे ते दोन-दोन इलेक्टरही पारडं फिरवू शकतात.

तिसरा हिशेब 2020 चा. बायडन देशभरात 70 लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. पण अ‍ॅरिझोना (10,457), जॉर्जिया (11,779) आणि विस्कॉन्सिन (20,682) या तीन राज्यांतली आघाडी मिळून 43 हजारांच्या आत होती. ही तीन फिरली असती तर 306 मधून 37 जाऊन 269-269 अशी बरोबरी झाली असती.

सह्यवारा

आणि बरोबरीनंतर जे होतं ते या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत धोकादायक कलम आहे. त्याची चर्चा फार कमी होते.

270 कुणालाच नाहीत, तर नव्याने निवडून आलेलं प्रतिनिधीगृह पहिल्या तिघांतून राष्ट्राध्यक्ष निवडतं. पण मतदान सदस्यागणिक होत नाही, एका राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाच्या 52 सदस्यांनी मिळून एक मत, वायोमिंगच्या एकुलत्या एक सदस्याचंही एक मत. 26 राज्यं लागतात. एखाद्या राज्याच्या सदस्यांत समसमान फूट पडली तर त्या राज्याचं मत वाया जातं. डीसीला इथे मतच नाही. उपराष्ट्राध्यक्ष मात्र सिनेट निवडतं, पहिल्या दोघांतून, 51 मतांनी. म्हणजे दोघं वेगवेगळ्या पक्षांचे येऊ शकतात.

1824 मध्ये हेच घडलं. जॅक्सन 99, अ‍ॅडम्स 84, क्रॉफर्ड 41, क्ले 37. बहुमताला 131 हवे होते. क्ले चौथे म्हणून बाद झाले, त्यांचा पाठिंबा अ‍ॅडम्सना गेला आणि 24 पैकी 13 राज्यं घेऊन अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे त्यांनी क्ले यांनाच परराष्ट्रमंत्री नेमलं.

म्हणून 'इलेक्टर ठेवा, फक्त राज्यातल्या मतांच्या प्रमाणात वाटा' हा उपाय सुचवला जातो तेव्हा मला काळजी वाटते. प्रमाणात वाटप केलं की तिसऱ्या-चौथ्या पक्षालाही दोन-चार इलेक्टर मिळतात, 270 गाठणं अवघड होतं आणि निर्णय प्रतिनिधीगृहाकडे जातो. आधी ते कलम बदला, मग प्रमाणाचं बोला.

मुक्ता_के

मेन-नेब्रास्काची पद्धत सगळ्या राज्यांनी घेतली तर? वरवर बघता तो मधला मार्ग वाटतो.

अंकगणित

तोच सर्वांत वाईट. 2012 मध्ये ओबामांना देशभरात जवळपास 50 लाख मतं जास्त होती. तरी मतदारसंघांपैकी 226 रॉम्नींनी जिंकले होते, 209 ओबामांनी. राज्यभरच्या विजयाचे दोन-दोन धरले तर रॉम्नी 226 अधिक 48, म्हणजे 274. ओबामा 209 अधिक 52 अधिक डीसीचे 3, म्हणजे 264. रॉम्नी राष्ट्राध्यक्ष झाले असते.

मतदारसंघांच्या सीमा बहुतेक ठिकाणी विधिमंडळच आखतं. आज त्या सीमांवर प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरतात, मग राष्ट्राध्यक्षही ठरेल. राज्यांच्या सीमा निदान कुणाला दर दहा वर्षांनी हलवता येत नाहीत.

जर्सीकर

भारतातून वाचणाऱ्यांचा एक गोंधळ इथेच दूर करतो. 'आपल्याकडेही राष्ट्रपती निर्वाचक मंडळानेच निवडतात, मग अमेरिकेला नावं का ठेवता' असं बरेचदा विचारलं जातं. नावापुरतं साम्य आहे, यंत्रणा अगदी निराळी.

भारतात निवडून आलेले खासदार आणि आमदार मत देतात. आमदाराच्या मताचं मूल्य म्हणजे राज्याची 1971 ची लोकसंख्या भागिले (आमदारसंख्या गुणिले 1000). महाराष्ट्रात ते 175, म्हणून 288 आमदारांचे 50,400. गोव्यात 20, म्हणून 40 आमदारांचे 800. उत्तर प्रदेशात 208, सिक्कीममध्ये 7. सगळ्या आमदारांच्या मूल्यांची बेरीज खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराच्या मताचं मूल्य येतं, 2022 मध्ये ते 700 होतं.

महत्त्वाचा फरक असा की महाराष्ट्राचे 50,400 एकगठ्ठा कुणालाच जात नाहीत. प्रत्येक आमदार स्वतंत्रपणे, गुप्तपणे, पसंतीक्रमाने मत देतो आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही. बहुमत नसेल तर शेवटच्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीनुसार वाटली जातात. 1969 मध्ये गिरी असेच दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत निवडून आले. शिवाय आपल्या राष्ट्रपतीकडे कार्यकारी सत्ता नाही. एवढी सत्ता असलेलं पद अशा पद्धतीने भरणारी दुसरी मोठी लोकशाही उरलेली नाही. फ्रान्सने 1962 च्या सार्वमतानंतर थेट निवडणूक आणली, अर्जेंटिनाने 1994 च्या घटनाबदलात इलेक्टर काढून टाकले.

आणि इथल्या मराठी मंडळींसाठी: व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणाऱ्याला मत नाही, पण जनगणनेत तो मोजला जातो, म्हणून राज्याच्या इलेक्टरांच्या संख्येत त्याचा वाटा असतो. जनगणनेचा अर्ज भरायला कंटाळू नका. 2020 मध्ये न्यूयॉर्कची एक जागा, आणि म्हणून एक इलेक्टर, अवघ्या 89 माणसांनी हुकला.

इंद्रायणीकाठ

थेट निवडणुकीला माझा विरोध आहे, आणि तो छोट्या राज्यांच्या कळवळ्यापोटी नाही. व्यवहाराचा प्रश्न आहे. अमेरिकेत राष्ट्रीय निवडणूक आयोगासारखी मतमोजणी करणारी संस्था नाही. एक फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण ते प्रचाराच्या पैशाचे नियम बघतं. मतं मोजतात काउंट्या आणि टाउनशिपा ही स्थानिक प्रशासनं, प्रमाणित करतात राज्यं. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे: मतदार यादी, ओळखपत्र, टपाली मताची मुदत, फेरमोजणीची अट, सगळं वेगळं.

आज फ्लोरिडात 2000 सारखा 537 मतांचा घोळ झाला तर तो फ्लोरिडात राहतो. देशभरची बेरीज निर्णायक झाली तर प्रत्येक काउंटीतलं प्रत्येक वादग्रस्त मत निर्णायक. 1960 मध्ये केनेडी-निक्सन फरक पावणेसात कोटींहून जास्त मतांत सव्वा लाखाच्या आत होता. फेरमोजणी कुठे मागायची? फ्लोरिडात अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असेल तर ती आपोआप होते, पण जिथे उमेदवार 20 टक्क्यांनी जिंकलाय तिथल्या राज्य कायद्यात बहुधा फेरमोजणीला आधारच सापडणार नाही. देशाचा फरक 0.1 टक्का आणि राज्याचा 20 टक्के, अशी स्थिती येईल.

वाचस्पती

इंद्रायणीकाठ, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यात 1960 चे अलाबामाही धरा. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या 11 इलेक्टरांत 5 केनेडींना बांधलेले होते, 6 कुणालाच नव्हते, आणि मतदार एकेका इलेक्टरला वेगळे मत देत होता. केनेडींना अलाबामात नेमकी किती मते पडली, याचे निर्विवाद उत्तर नाही. एका रीतीने मोजले तर देशभरात केनेडी पुढे, दुसऱ्या रीतीने निक्सन. राज्यांच्या बेरजेत हा प्रश्न उद्भवत नव्हता, राष्ट्रीय बेरजेत तोच मुख्य झाला असता.

आजचे रूप म्हणजे पसंतीक्रमाची मतपत्रिका. मेनने 2020 मध्ये आणि अलास्काने 2024 मध्ये ती राष्ट्राध्यक्षपदासाठी वापरली. राष्ट्रीय बेरजेत या राज्यांची पहिली फेरी धरायची की शेवटची? शेवटची धरली तर तिथल्या तिसऱ्या पक्षाच्या मतदाराचे मत मोठ्या उमेदवाराच्या खात्यात जाते, शेजारच्या न्यू हॅम्पशरच्या तशाच मतदाराचे जात नाही.

मात्र 'घोळ एका राज्यात राहतो' याची दुसरी बाजूही आहे. इलेक्टर पद्धतीत अटीतटीचे राज्य निघण्याची शक्यता वाढते, कारण एका निवडणुकीऐवजी 51 वेगळ्या निवडणुका होतात. 2000 मध्ये देशभरात गोर सुमारे 5 लाख 40 हजारांनी पुढे होते, त्या फरकाला कुणी फेरमोजणी मागितली नसती. वाद पेटला तो 537 वर.

मुक्ता_के

देशभरच्या मतांच्या विजेत्याला इलेक्टर द्यायचा राज्याराज्यांमधला जो करार आहे, त्यावर कुणीतरी नीट लिहा ना. घटनादुरुस्तीशिवाय काम होईल असं त्याच्या समर्थकांचं म्हणणं आहे.

सह्यवारा

लिहितो. आधी घटनादुरुस्तीचा मार्ग का बंद झाला ते. 1968 मध्ये तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेसनी 46 इलेक्टर घेतले आणि दोन्ही पक्ष धास्तावले. सप्टेंबर 1969 मध्ये प्रतिनिधीगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती 339 विरुद्ध 70 अशी मंजूर केली. त्यात 40 टक्क्यांची अट होती, कुणालाच तेवढी नसतील तर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक. 1970 मध्ये सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायचा प्रस्ताव 54-36 आणि मग 53-34 असा दोनदा अडला, दोन-तृतीयांश जमले नाहीत. अडवणाऱ्यांत आघाडीवर दक्षिणेचे सिनेटर होते. 1979 मध्ये पुन्हा 51-48, तेही अपुरं. त्या वेळी काही कृष्णवर्णीय आणि ज्यू संघटनाही विरोधात होत्या, कारण मोठ्या अटीतटीच्या राज्यांत आपली मतं निर्णायक ठरतात असा त्यांचा हिशेब होता. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि 38 राज्यं, हे आजच्या वातावरणात जमणारं नाही.

मग करार. सामील राज्याने कायदा करायचा: आमचे सगळे इलेक्टर आमच्या राज्यातल्या नव्हे, देशभरातल्या मतांच्या विजेत्याला. सामील राज्यांचे इलेक्टर मिळून 270 होईपर्यंत कायदा झोपलेला. निवडणूक वर्षाच्या 20 जुलैला 270 पूर्ण असतील तरच त्या वर्षी लागू, आणि त्या तारखेपासून नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीपर्यंत कुणाला बाहेर पडता येत नाही. 2007 मध्ये मेरीलँडने सुरुवात केली, 2024 मध्ये मेन आलं तेव्हा 17 राज्यं आणि डीसी मिळून 209 झाले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, न्यू जर्सी सगळी आत आहेत. 2024 पर्यंत आलेलं एकही राज्य अलीकडे रिपब्लिकन उमेदवाराच्या पाठीशी उभं राहणारं नव्हतं, ही खरी अडचण.

कायदेशीर अडचण वेगळी. राज्यघटनेनुसार राज्यांमधल्या कराराला काँग्रेसची संमती लागते. 1893 च्या 'व्हर्जिनिया विरुद्ध टेनेसी' निकालाने ही अट फक्त केंद्राच्या अधिकाराला धक्का लावणाऱ्या करारांपुरती मर्यादित केली. हा करार त्यात बसतो की नाही, ते न्यायालयात गेल्यावरच ठरेल. इलेक्टरने ऐन वेळी तोंड फिरवण्याची भीती मात्र कमी झाली आहे. 2020 च्या 'चियाफालो विरुद्ध वॉशिंग्टन' निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की राज्य इलेक्टरला वचनाला बांधून ठेवू शकतं.

इंद्रायणीकाठ

करारातल्या तीन त्रुटी. एक, 40 टक्क्यांसारखी किमान अट नाही. पाच उमेदवार उभे राहिले आणि पहिला 31 टक्क्यांवर असला तरी 270 त्याला. दोन, बाहेरच्या राज्याने प्रमाणित केलेला आकडा सामील राज्यांनी अंतिम मानायचा, तो तपासायचा अधिकार त्यांना नाही. तीन, देशभर फेरमोजणीची तरतूद शून्य. टेक्ससच्या काउंटीत मतं पुन्हा मोजा, हे मेरीलँड कोणत्या अधिकाराने सांगणार?

जर्सीकर

त्रुटी मान्य, पण आजच्या पद्धतीची किंमतही मांडायला हवी. 2024 मध्ये जवळजवळ सगळा प्रचार सात राज्यांत झाला (आकडे इलेक्टरांचे): पेनसिल्व्हेनिया 19, जॉर्जिया 16, नॉर्थ कॅरोलिना 16, मिशिगन 15, अ‍ॅरिझोना 11, विस्कॉन्सिन 10, नेवाडा 6. एकूण 93. उरलेल्या 445 इलेक्टरांच्या मतदारांकडे उमेदवार आले ते मुख्यतः देणग्या गोळा करायला. छोट्या राज्यांना तरी काय मिळालं? व्हरमाँट, डेलावेअर, वायोमिंग, दोन्ही डाकोटा: कुणीही फिरकत नाही, कारण निकाल ठरलेला.

'थेट निवडणुकीत फक्त महानगरं राज्य करतील' हेही तपासून बघा. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो आणि ह्यूस्टन या चार सर्वांत मोठ्या शहरांची मिळून लोकसंख्या सुमारे 1 कोटी 77 लाख, देशाच्या साडेपाच टक्क्यांच्या आत. आणि 2020 मध्ये ट्रंपना सर्वांत जास्त मतं कोणत्या राज्यातून मिळाली? कॅलिफोर्नियातून, 60 लाखांवर. टेक्ससहूनही जास्त. त्या 60 लाखांचं इलेक्टरांत मूल्य शून्य. टेक्ससमधल्या डेमोक्रॅटिक मतदाराचंही तेच. हा प्रश्न एका पक्षाचा नाही.

मुक्ता_के

मग निदान आजच्या चौकटीत 2028 ला काय कधी होतं, ते तारखांसह सांगाल का? थेट मोजणी त्यात बसते की नाही ते कळेल.

वाचस्पती

2022 च्या सुधारित कायद्याप्रमाणे, ज्याने 1887 चा संदिग्ध कायदा बदलला:

7 नोव्हेंबर 2028: मतदान.
13 डिसेंबर: इलेक्टरांच्या बैठकीच्या सहा दिवस आधी राज्याचे प्रमाणपत्र, गव्हर्नरच्या सहीने. त्यात इलेक्टरांची नावे आणि मिळालेली मते दोन्ही हवीत.
19 डिसेंबर: इलेक्टर आपापल्या राज्यात जमून राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांसाठी वेगवेगळी मतपत्रिका देतात.
27 डिसेंबर: कागद वॉशिंग्टनला पोहोचण्याची मुदत.
6 जानेवारी 2029: दुपारी एकला दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक. आक्षेपाला आता प्रत्येक सभागृहाच्या एक-पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात, पूर्वी एकेक पुरे. उपराष्ट्राध्यक्षांचे काम फक्त पाकिटे उघडण्याचे, हेही कायद्यात लिहिले आहे.
20 जानेवारी: दुपारी बाराला शपथ.

म्हणजे मतदानापासून प्रमाणपत्रापर्यंत 36 दिवस. कॅलिफोर्नियाची टपाली मते मोजण्यातच यातले बरेचसे आठवडे जातात. देशभरची फेरमोजणी उरलेल्या दिवसांत बसत नाही. 2000 मध्ये एका फ्लोरिडाला 12 डिसेंबरपर्यंत वेळ पुरला नव्हता.

इंद्रायणीकाठ

म्हणून माझी अट. करार 270 ला पोहोचण्याआधी काँग्रेसने साध्या कायद्याने चार गोष्टी कराव्यात. सगळ्या राज्यांना आकडे प्रमाणित करायची एकच, आजच्याहून आधीची तारीख. राष्ट्रीय फरक ठरावीक टक्क्यांच्या आत आला तर प्रत्येक राज्यात आपोआप फेरमोजणी, खर्च केंद्राचा. प्रत्येक मताचा कागदी पुरावा सक्तीचा, कारण त्याशिवाय फेरमोजणी म्हणजे यंत्राचा तोच आकडा पुन्हा छापणं. आणि पसंतीक्रमाच्या राज्यांची कोणती फेरी बेरजेत घ्यायची याचा एकच नियम. यातलं काहीही करायला घटनादुरुस्ती लागेलच असं नाही, पण राज्यं आपल्या अधिकारावर गदा म्हणून न्यायालयात नक्की जातील.

सह्यवारा

पाचवी जोडा: मतदान ते इलेक्टरांची बैठक हे अंतर वाढवणं. या दोन्ही तारखा ठरवायचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसलाच दिला आहे, त्यामुळे त्यावर राज्यांना आक्षेप घेता येणार नाही. इलेक्टरांची बैठक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नेली तरी आठवडाभर मिळतो. जॉर्जियाने 2020 मध्ये सुमारे 50 लाख मतं हाताने तपासायला एवढाच वेळ घेतला होता.